शाळेंतील पोरांचें ताट आणि महागाई

(म्हसवड येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायला घेतलेला विषय कित्येकांना क्षुल्लक वाटेल. शाळेंत दुपारीं पोरांना खिचडी मिळते. तिच्यावर भाषण तें काय करायचें? परंतु ज्या घरांतून आई खुरपायला आणि बाप मेंढरांमागें किंवा गवंड्याच्या हाताखालीं दिवस उजाडतांच निघून जातो, आणि पोर नुसता चहा पिऊन दप्तर उचलतें, त्या घराला हा विषय क्षुल्लक नाहीं. आपला माण तालुका पडला अवर्षणाचा. राजेवाडीचा तलाव दुष्काळी कामांतून उभा राहिला, आणि २०१२-१३ सालीं याच म्हसवडांत जनावरें जगवायला छावणी उघडावी लागली. अशा मुलखांत दुपारचा तो घांस हा कित्येक पोरांचा दिवसांतला पहिला पोटभर घांस असतो. त्या घांसांत महागाई कशी शिरते आणि पोर ताटावरून कसें उठतें, हें मी आज हिशेब मांडून सांगणार आहें. हिशेब साधा आहे. ज्याला बाजारांत पावशेर डाळ घेतां येते त्याला तो कळेल.

आधीं दूरची गोष्ट सांगतों. विलायतेंत शाळेचें जेवण बहुतेकांना विकत घ्यावें लागतें. गरीब पोरांना शाळेंत जेवूं घालण्याची मोकळीक तेथील स्थानिक मंडळांना १९०६ च्या कायद्यानें मिळाली, आणि १९४४ च्या कायद्यानें जेवण पुरविणें हें त्यांचें कर्तव्य झालें. पुढें १९८० सालीं कायदा फिरविला. ठरलेला दर गेला, जेवणाच्या कसाचें बंधन गेलें, किंमती चढल्या, आणि जेवायला बसणारीं पोरें भराभर कमी झालीं. अमेरिकेंत १९८१ सालीं सरकारनें या कामाची मदत तोडली व शाळांनीं दर वाढविले. १९८० सालीं तेथें रोज सुमारें २ कोटी ६६ लाख पोरें शाळेंत जेवत होतीं. १९८२ सालीं तीं २ कोटी २९ लाखांवर आलीं. दोन वर्षांत ३७ लाख ताटें उठलीं! हीं सगळींच दरवाढीमुळें उठलीं असें मी म्हणत नाहीं. मोफत जेवणाचे नियमहि त्याच वेळीं आंवळले होते. पण असे दर वाढले म्हणजे कोणाचें पोर उठतें, तें पाहा. श्रीमंताचें उठत नाहीं. त्याला चार पैशांची पर्वा नसते. अगदींच निर्धनाचेंहि उठत नाहीं. त्याला तेथें फुकट मिळतें. उठतें तें मधल्या घराचें, ज्याची मिळकत फुकटाच्या रेषेहून जराशी वर आहे. तीन एकर जिराईतवाला आणि दोन मागांचा सनगर कोणत्या घरांत मोडतो, तें तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे, सुदैवानें, पहिली ते आठवीच्या पोराला हें जेवण फुकट आहे. १९९५ सालीं देशभर योजना निघाली, पण आपल्या राज्यांत प्रथम नुसता तांदूळच घरीं मिळे, महिन्याला ३ किलो. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम केला कीं धान्य हातांत देऊं नका, शिजवून वाढा. त्यानंतर चुली पेटल्या. २०१३ सालच्या अन्नसुरक्षेच्या कायद्यानें तर तो पोराचा हक्कच झाला. म्हणून कोणी शहाणा म्हणेल, ज्या जेवणाला किंमतच नाहीं त्याला महागाई कसली? बाजारांत डाळ चढली काय नि उतरली काय, पोराला एक पैसा द्यावा लागत नाहीं. मग जेवणारीं पोरें कमी कां व्हावीं?

येथेंच फसगत आहे. पोराच्या ताटांत अन्न दोन वाटांनीं येतें. तांदूळ येतो मापानें. पहिली ते पांचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या पोराला १५० ग्रॅम. तो केंद्र सरकार अन्न महामंडळाच्या गोदामांतून देतें. बाजारांत तांदूळ ३० रुपये झाला काय किंवा ६० झाला काय, १०० ग्रॅम ते १०० ग्रॅमच. डाळ, तेल, भाजी, मीठमसाला व जळण मात्र येतें पैशानें. कागदावर यांचेंहि माप लिहिलेलें आहे: लहान पोराला २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल; मोठ्याला ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पण सरकार जें मंजूर करतें तें माप नव्हे, रक्कम. आणि ती बांधलेली असते. खेड्यांतील शाळांना डाळतेल ठेकेदाराच्या गाडींतून येतें व भाजीजळणाचे पैसे शाळेच्या खात्यावर पडतात, हें खरें. पण ठेकेदाराचा मालहि त्याच बांधलेल्या रकमेंतला. बाजार चढला कीं रक्कम तीच राहते आणि माप आटतें.

सुतार-लोहार बंधूंनो, हें तुम्हांला दुसऱ्यानें शिकवायला नको. आपल्या पणज्याला बलुतें धान्यांत मिळे. जोंधळा महागला म्हणून त्याच्या पायल्या कमी होत नसत. बलुत्याचा मी कैवारी नाहीं. त्या पद्धतींत किती लाचारी आणि किती जुलूम होता हें आपणां सर्वांस ठाऊक आहे, आणि ती गेली तें बरेंच झालें. परंतु अडाणी म्हणून हिणविलेल्या त्या माणसांना एवढें समजत होतें कीं मापानें ठरलेली भाकरी महागाईंत लहान होत नाहीं, पैशानें ठरलेली होते. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या अंमलदारांना तें अजून समजायचें आहे.

आतां रकमेचा इतिहास ऐका. एप्रिल २०२० पासून लहान पोरामागें रोज ४ रुपये ९७ पैसे आणि मोठ्या पोरामागें ७ रुपये ४५ पैसे ठरले. तो दर अडीच वर्षें हालला नाहीं. त्या अडीच वर्षांत गोडेंतेल कोठवर चढलें होतें तें घरांतल्या बायांना विचारा. ऑक्टोबर २०२२ मध्यें लहान पोराला ४८ पैसे वाढले. दर झाला ५ रुपये ४५ पैसे, मोठ्याचा ८ रुपये १७ पैसे. मग पुन्हा २६ महिने सामसूम. १ डिसेंबर २०२४ पासून ६ रुपये १९ पैसे व ९ रुपये २९ पैसे, आणि मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे व १० रुपये १७ पैसे. या पैशांत केंद्राचा वांटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के. शेवटची वाढ त्यामानानें लवकर झाली, तेवढें श्रेय सरकारला दिलें पाहिजे.

आतां २०२४ चा पावसाळा आठवा. लहान पोराचा दर तेव्हां ५ रुपये ४५ पैसे. तूरडाळ किलोला १६० रुपयांच्या घरांत होती. २० ग्रॅम डाळीचे झाले ३ रुपये २० पैसे. तेल किलोला १२० धरलें तर ५ ग्रॅमचे ६० पैसे. उरले १ रुपया ६५ पैसे. भाजी ४० रुपये किलो धरा, आणि त्या भावांत चांगली भाजी मिळाली तर नशीब समजा. ५० ग्रॅमचे २ रुपये. म्हणजे काडी ओढण्यापूर्वींच पोरामागें ३५ पैसे अंगावर, आणि जळण, मीठ, हळद, मोहरी, मसाला अजून बाकी! शंभर पोरांच्या शाळेंत नुसत्या त्या ३५ पैशांचे रोज ३५ रुपये होतात. दर वाढला तो डिसेंबरांत. तोंवर डाळीचा चढ होऊन गेला होता आणि २०२५ सालीं ती उतरलीहि. पाऊस पडून गेल्यावर घोंगडी पांघरायला दिली, तशांतला हा प्रकार. मधल्या महिन्यांत पोरें भिजलीं तीं भिजलींच.

ही तूट कोठून भरतात? तीन वाटा आहेत. मुख्याध्यापक आपल्या खिशांतून घालतो. किराणा दुकानदार उधारीवर देतो, कारण सरकारचे पैसे पुष्कळ वेळां महिनोन् महिने मागाहून येतात. नाहींतर पातेल्यांत डाळ कमी पडते. पहिल्या दोन वाटांना अंत आहे. मास्तरहि संसारी माणूस आहे आणि दुकानदार कांहीं धर्मशाळा चालवीत नाहीं. म्हणून शेवटीं तिसरी वाट. तांदूळ पुरा पडतो, कारण तो मापाचा. डाळ अर्धी पडते, कारण ती पैशाची. पिवळी खिचडी पांढरी होते. मोठमोठे अहवाल लागत नाहींत. महागाई किती झाली हें पातेल्याच्या रंगावरून कळतें. तुरीऐवजीं मटकी, मसूर वापरणारे कांहीं हुशार मास्तर आहेत, आणि तें चांगलेंच. पण महागाईंत तीहि फार दिवस स्वस्त राहत नाहीं.

पोराला गणित येवो न येवो, डाळ कळते. पांढऱ्या खिचडीचें ताट तें पहिल्या दिवशीं अर्धें टाकतें. आठवड्यानें वाढून घेतांना हात आखडतें. मग ज्याच्या घरीं डबा करून द्यायला माणूस आहे आणि डब्यांत घालायला कालवण आहे, तें डबा आणतें. कांहीं पोरें मधल्या सुटींत दुकानावर जाऊन पांच रुपयांचा कुरकुरीत पुडा घेतात. आणि ज्याला डबा नाहीं व पांच रुपये नाहींत, तें पांढरी खिचडी खात बसतें. हजेरीपटावर सगळीं पोरें हजर दिसतात. किती बसलीं, किती उठलीं आणि बसलेल्यांनीं काय खाल्लें, हें पटावर नीट उमटत नाहीं. विलायतेंत दर वाढला कीं ताटें उठतात आणि मोजलीं जातात. आपल्याकडे डाळ घटली कीं ताटें हळूहळू उठतात आणि मोजलीं जात नाहींत. फरक एवढाच.

बंधूंनो, त्या पंगतीकडे नुसतें पोट म्हणून पाहूं नका. या महाराष्ट्रांत पाणवठे वेगळे होते, पंगती वेगळ्या होत्या. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तें त्या काळीं केवढें धाडसाचें काम होतें! त्याच मुलखांत आज धनगराचें, मराठ्याचें, मातंगाचें, बौद्धाचें, रामोशाचें, मुसलमानाचें पोर एका पातेल्यांतलें अन्न एका ओळींत बसून खातें. व्याख्यानांनीं जें पन्नास वर्षांत झालें नसतें तें या पातेल्यानें केलें आहे. पूर्वीं पंगत सोंवळ्यानें मोडत असे. आतां ती डाळीनें मोडते. डबेवालीं पोरें व्हरांड्याच्या एका टोंकाला आणि खिचडीवालीं दुसऱ्या टोंकाला बसूं लागलीं कीं, कोणी कोणाची जात न विचारतांहि जुनी रेघ पुन्हा ओढली जाते. कारण डबा कोणाकडे असतो आणि कोणाकडे नसतो, हें गांवांत सर्वांना माहीत असतें.

आतां अंड्याचें घ्या, कारण त्यांत सगळा मामला उघडा पडला. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें ठरविलें कीं पोरांना आठवड्यांतून एक अंडें द्यावें व न खाणाऱ्याला केळें. फार उत्तम निर्णय. लहान पोराच्या जेवणांत रोज १२ ग्रॅम प्रथिनें असावींत असा नियम आहे. एका अंड्यांत त्यांतलीं सहा येतात. पण पुन्हा तीच खोड! अंडें दिलें नाहीं, अंड्याचे ५ रुपये दिले. थंडी पडली, अंडें सहाच्या वर गेलें. वरचा रुपया कोणी घालायचा, हें कागदावर कोठेंच नव्हतें. शिक्षकांनीं तक्रारी केल्या. त्यावर उपाय काय निघाला? जानेवारी २०२५ मध्यें सरकारनें अंड्याचे आणि गोड पदार्थाच्या साखरेचे जादा पैसेच बंद केले. खर्च होता वर्षाला सुमारें ५० कोटी रुपयांचा. अंडें द्यायचें असेल तर शाळेच्या समितीनें लोकसहभागांतून द्यावें, असें सांगितलें. तामिळनाडूंत आठवड्याला पांच अंडीं मिळतात. जतच्या पलीकडे विजापूर जिल्ह्यांत, कर्नाटकाच्या शाळांत, २०२४ सालापासून आठवड्याचे सहाहि दिवस अंडें देण्याची व्यवस्था झाली. तींत अझीम प्रेमजी यांच्या संस्थेचा पैसा आहे, तरी शाळेला गांवांत झोळी फिरवावी लागली नाहीं. अलीकडल्या पोराच्या हाडांना मात्र आठवड्याला एकहि परवडत नाहीं असें ठरलें.

लोकसहभाग हा शब्द मोठा गोड आहे. पण तुम्ही आम्ही त्याला वर्गणी म्हणतों, आणि वर्गणी म्हणजे मागच्या दारानें लावलेली किंमत. ज्या गांवाला कालवा आहे, ऊस आहे, कारखान्याचा संचालक आहे, त्या गांवांत अंडीं येतील. ज्या गांवांत जानेवारीलाच टँकर येतो आणि निम्मा गांव पोट भरायला बाहेर पडलेला असतो, तेथें वर्गणी कोणाकडे मागायची? म्हणजे ज्या पोराला अंड्याची गरज अधिक, त्याच्याच शाळेंत तें येणार नाहीं. आणि गांवांतल्या गांवांतहि काय होतें तें ध्यानांत घ्या. ज्याच्या बापानें वर्गणी दिली नाहीं त्याला कोणी अंडें नाकारीत नाहीं. मास्तर तेवढे निर्दय नसतात. पण पोराला ठाऊक असतें. तें त्या दिवशीं पोटांत दुखतें म्हणून घरीं राहतें. पोराचा स्वाभिमान आपल्यापेक्षां कडक असतो.

यावर कोणी कर्मवीर भाऊरावांचें उदाहरण तोंडावर फेंकतील. भाऊरावांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ सालीं साताऱ्यांत वसतिगृह काढलें, आणि तेथील पोरांच्या मुखीं घांस पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचें सोनें मोडलें, मंगळसूत्रसुद्धां ठेवलें नाहीं. ही या जिल्ह्याची पुण्याई आहे. परंतु लक्ष्मीबाईंनीं सोनें मोडलें तेव्हां सरकार परक्यांचें होतें आणि पोरांच्या जेवणाचा कायदा नव्हता. आज सरकार आपलें आहे, कायदा आहे, कर आपण काडीपेटीवरसुद्धां भरतों. लक्ष्मीबाईंचें मंगळसूत्र हें अंदाजपत्रकांतलें जमेचें खातें होऊं शकत नाहीं. त्यांचा त्याग सांगून आपली जबाबदारी टाळणाऱ्यानें त्यांचें नांव घेऊं नये.

आपल्या थोरांनीं या गोष्टीकडे कसें पाहिलें, तेंहि सांगतों. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा कायदा केला, आणि पोर न पाठविणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या कितीतरी आधीं, १९०१ पासून, त्यांनीं वसतिगृहें काढायला सुरुवात केली होती. पोर शिकायला यावें तर त्याच्या जेवणाखाणाची व राहण्याची सोय पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. मद्रासेंत अब्राह्मणांच्या जस्टिस पक्षाचे पुढारी त्यागराय चेट्टी शहराच्या कॉर्पोरेशनचे अध्यक्ष असतां, १९२० सालीं थाउजंड लाइट्स भागांतल्या शाळेंत गरीब पोरांना दुपारचें खाणें सुरू झालें. खर्चाची मर्यादा पोरामागें रोज एक आणा. पुढें आणखी शाळा त्यांत घेतल्या. पण १९२५ सालीं वरच्या सरकारनें आडकाठी घातली कीं प्राथमिक शिक्षणाच्या फंडांतून खाण्याचा खर्च करतां येणार नाहीं, आणि काम थांबलें. दोन वर्षांनीं थोड्या पोरांपुरतें पुन्हा चालूं झालें. फळा आणि खडू म्हणजे शिक्षण, आणि भाकरी म्हणजे शिक्षण नव्हे, असा तो न्याय! तो न्याय तामिळ लोकांनीं मानला नाहीं. १९५६ सालीं कामराजांनीं, १९८२ सालीं एम. जी. रामचंद्रन यांनीं ती पंगत राज्यभर वाढविली, आणि २०२२ पासून तेथें सकाळची न्याहारीहि सुरू झाली. आज तेथें अंड्याला वर्गणी मागावी लागत नाहीं, याचें मूळ त्या एका आण्यांत आहे.

आतां एक वांकडा प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाहीं. कोणी म्हणेल, डाळ महागली म्हणून रडतां, आणि तुरीला भाव पाहिजे म्हणूनहि रडतां. शेतकरी लोकांनो, तुमचें खरें रडणें कोणतें? ऐका. २०२४-२५ सालीं तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता, म्हणजे किलोला साडेपंचाहत्तर. त्याच तुरीची डाळ दुकानांत १६० ला गेली होती. तूर भरडली कीं चुरी-टरफल जातें, भरडाई पडते, हें मान्य. पण मधला सगळा पैसा टरफलांत गेला असें मात्र कोणी सांगूं नये. शिवाय परदेशची तूर जकातीवांचून येत होती, आणि २०२५ च्या सुरुवातीस आपली तूर बाजारांत आली तेव्हां ती कित्येक ठिकाणीं हमीभावाच्या खालीं गेली. म्हणजे चढला तेव्हां भाव दुकानदाराचा, उतरला तेव्हां शेतकऱ्याचा. तेव्हां पोराच्या ताटासाठीं शेतकऱ्याचा भाव पाडा, असें आमचें म्हणणें नाहीं. बापाला बुडवून पोराला जेवूं घालण्यांत काय शहाणपण? आमचें म्हणणें, पोराच्या डाळीचें माप कायम ठेवा आणि त्याला लागेल तो दर द्या. आणि माल घ्यायचा तर शेकडों कोसांवरून ठेकेदाराच्या गाडीनें कशाला? आपल्या माणदेशांत मटकी पिकते, हुलगा पिकतो, बाजरी पिकते. हुलग्याच्या माडग्यावर आपल्या पिढ्या पोसल्या. २०२३ सालीं सगळ्या जगानें भरड धान्याचें वर्ष साजरें केलें. आमच्या पोरांच्या पातेल्यांत मात्र मुख्यतः तांदूळच. गांवच्या शेतकऱ्यांच्या कंपनीकडून हमीभावानें मटकी-हुलगा घेतला तर बापाला भाव मिळतो आणि पोराला कालवण.

स्वयंपाक करणाऱ्या बायांबद्दल दोन शब्द बोललों नाहीं तर तें कृतघ्नपणाचें होईल. शंभर पोरांचें अन्न शिजवून, वाढून, भांडीं घासून त्यांना महिन्याला २,५०० रुपये मानधन २०२३ सालीं ठरलें, तेंहि वर्षाचे दहाच महिने. त्याआधीं १,५०० च होतें. डाळ कमी पडली कीं पहिली शिवी या बाईला बसते. तिला शिवी देऊं नका. तिनें डाळ पदराखालीं नेली असेल असा संशय घेण्यापूर्वीं, डाळ शाळेंत आली किती, तें विचारा.

तें विचारण्याचा अधिकार तुम्हांला आहे. शाळा व्यवस्थापन समितीवर पाऊणभर माणसें आईबापांतलीं आणि निम्म्या बाया असाव्यात असा २००९ चा कायदा आहे. पोरांना वाढण्यापूर्वीं अन्न चाखून नोंद करायची असते, आणि त्यांत पालकालाहि भाग घेतां येतो. आपल्यापैकीं किती जणांनीं तें चाखलें आहे? सही मात्र बहुतेकांनीं केली असेल. म्हणून एक सोपा हिशेब पाठ करा आणि दाराच्या मागें खडूनें लिहून ठेवा. पहिली ते पांचवीचीं शंभर पोरें जेवणार असतील तर त्या दिवशीं दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, पांच किलो भाजी आणि अर्धा किलो तेल. सहावी ते आठवीचीं शंभर असतील तर पंधरा किलो तांदूळ, तीन किलो डाळ, साडेसात किलो भाजी आणि पाऊण किलो तेल. आठवड्यांतून एक दिवस दोघी बायांनीं चूल पेटायच्या वेळीं शाळेंत जावें आणि तागडींत डाळ पाहावी. कमी भरली तर मास्तराशीं भांडूं नये. किती कमी भरली, किती पोरें जेवलीं, किती उठलीं, एवढें वहींत लिहावें. सलग तीन दिवस किंवा महिन्यांत पांच दिवस जेवण मिळालें नाहीं तर जबाबदारी ठरवावी, आणि चुकलेल्या जेवणाबद्दल पोराला धान्य व पैसा द्यावा, असे २०१५ चे नियम आहेत. दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुटींतहि हें जेवण चालूं ठेवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१६ चा हुकूम आहे. हे नियम माहीत असलेला बाप आणि नसलेला बाप यांच्याशीं कचेरींतला कारकून दोन वेगळ्या आवाजांत बोलतो.

सरकारपाशीं मागायचें तें ठरावांत लिहिलें आहे. दर वर्षांतून दोनदां, शाळा उघडतांना व दिवाळीनंतर, बाजाराप्रमाणें फिरवावा. भाजी-जळणाचे पैसे महिना सुरू होण्यापूर्वीं शाळेच्या खात्यावर पडावेत. अंडें वर्गणींतून नव्हे, राज्याच्या तिजोरींतून द्यावें, आणि पांच रुपये म्हणून नव्हे, अंडें म्हणून द्यावें. नववी-दहावीच्या पोरांनाहि ताट मिळावें. आठवी संपली म्हणून भूक संपत नाहीं, उलट त्या वयांत ती वाढते, आणि पुष्कळ पोरींची शाळा नेमकी तेथेंच सुटते. ठरावाची एक प्रत नगरपालिकेला, एक पंचायत समितीला, एक जिल्हा परिषदेला जाईल.

वहीचें काम मात्र ठरावाची वाट पाहणार नाहीं. तें येत्या सोमवारीं सुरू करावें. प्रत्येक शाळेसाठीं दोघींचीं नांवें आतां येथेंच घ्यावींत, आणि ठरावाचा कागद सह्या-अंगठ्यांसाठीं आधीं मायबहिणींच्या बाजूला फिरवावा, अशी अध्यक्षमहाराजांना विनंति करून मी खालीं बसतों.